एकशे एकतीस मासे आणि एक खिळा

अर्डिथ कोस्कीच्या दुकानात गळाला लावायचे जिवंत मासे मिळत, बर्फाला भोक पाडायच्या गिरमिटाची पाती मिळत, लोकरीचे हातमोजे मिळत आणि फुकटात इज्जत मिळे. इज्जत मागच्या भिंतीवर होती.

टॅमरॅक तळ्यावर दर फेब्रुवारीत ट्राउट मासे धरायची स्पर्धा व्हायची. तळं तेव्हा दोन हात जाड गोठलेलं असे, आणि त्यावर, आत बसून भोकातून गळ सोडायला, दीडशे खोपटी उभी राहत. दहा पौंडांच्या वरचा मासा मिळाला की धनी तो अर्डिथकडे आणायचा. ती पातळ हार्डबोर्डवर मासा आडवा ठेवी, त्याच्याभोवती पेन्सिल फिरवी, मग काळ्या शाईने रेघ पक्की करी, आणि पोटाच्या जागी नाव, वजन नि साल लिही. तेहतीस वर्षांत असे सात बोर्ड भरले होते. मासा खाऊन संपायचा, धनी एखादे वेळी वारायचा, रेघ मात्र राहायची. गावात नवीन जावई आला की त्याला आधी चर्चमध्ये नाही, या भिंतीपुढे उभा करत.

भिंतीवर एकशे एकतीस मासे होते. त्यांतल्या चौऱ्याऐंशी माशांबद्दल अर्डिथला एक गोष्ट ठाऊक होती, जी दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हती. म्हणजे तसं पाहिलं तर प्रत्येकाला तिच्यातला थोडा भाग ठाऊक होता.

ट्राउटच्या पाठीवर, शेपटीच्या जरा अलीकडे, बोटाच्या पेराएवढा एक मांसल पर असतो. मत्स्यखातं आपल्या उबवणी केंद्रातली पिल्लं तळ्यात सोडताना तो पर कापून सोडतं, म्हणजे पुढे मासा हाती आला की कळावं, हा तळ्यात जन्मलेला की टाकीतला. पर नसलेल्याला गावात ‘सरकारी मासा’ म्हणत. चवीत फरक नाही, वजनात नाही, गळाला झुंज देण्यात तर मुळीच नाही. पण आठ तास उणे पंचविसात बसून माणसाने सरकारी मासा धरावा, ही गोष्ट बायकोला सांगण्यासारखी नव्हती. म्हणून स्पर्धेच्या फोटोंत प्रत्येक जण मासा असा धरायचा, की अंगठा नेमका त्या जागेवर यावा.

अंगठा फोटोपुरता चालतो. रेघेचं काय? पहिल्यांदा वाइनो लेह्टो आला होता, भर जवानीतला, सत्तावीस पौंडांचा मासा घेऊन. दुकान रिकामं होईपर्यंत तो हातमोजे चाचपत उभा राहिला, मग म्हणाला, “पेन्सिल तिथे जरा सरकली तर कुणाचं काय जातंय?” अर्डिथने पेन्सिल सरकवली. त्यानंतर एकेक करत बाकीचे आले. प्रत्येक जण दुकान रिकामं व्हायची वाट बघायचा, प्रत्येक जण म्हणायचा, हे आपल्या दोघांतच राहू दे, आणि प्रत्येकाची समजूत होती की या भिंतीवर खोटा पर काय तो आपला एकट्याचा.

अर्डिथचे वडील गिरणीत ओंडके मोजायला होते. त्यांनी तिला शिकवलं होतं, आकडा गोल केलास तर कर, पण बाजूला खूण कर, नाहीतर उद्या तुलाच तो खरा वाटायला लागेल. तेव्हा जिथे जिथे तिने पर काढून दिला, तिथे तिथे त्याच्या मधोमध एक बारीक खिळा ठोकून काढून घेतला. आरपार भोक, पण मोहरीएवढं. मागे भिंत, त्यामुळे कुणाला दिसायचं कारण नव्हतं.

त्या जानेवारीत खात्याची नोटीस आली. टॅमरॅक तळ्यातले अस्सल ट्राउट संपत चालले आहेत, सबब पुढच्या हिवाळ्यापासून पाच वर्षं बर्फावरून ट्राउट धरायला बंदी. हरकती ऐकायला सभा, शनिवारी दुपारी एक वाजता, बर्फावर दगड सरकवायचा खेळ चालतो त्या कर्लिंग क्लबच्या वरच्या मजल्यावर. स्पर्धेच्या बरोब्बर एक आठवडा आधी.

अर्डिथने नोटीस दोनदा वाचली. उन्हाळ्यात तिच्या दुकानात माश्या यायच्या आणि वाट चुकलेले पाहुणे. जे काय चालायचं ते बर्फावर. नवरा जाऊन आठ वर्षं झाली होती, वय त्रेसष्ट होतं, आणि पाच बंद हिवाळे म्हणजे दुकान बंद, हे कळायला तिला कागद-पेन्सिल लागली नाही. तिच्या वतीने बोलायला गाव उत्सुक होतंच.

त्यातही रॉयल ब्रिसन. बर्फावरची चाळीस खोपटी भाड्याने देणारा, क्लबाचा अध्यक्ष, आवाज असा की तळ्याच्या पल्याड आपण होऊन पोचावा. गुरुवारी तो चार माणसं आणि स्क्रू काढायचं यंत्र घेऊनच दुकानात शिरला.

“भिंत नेतोय,” तो म्हणाला. “खातं म्हणतं अस्सल मासे नाहीत. हे बघ म्हणावं. एकशे एकतीस. एकेकाचा पर मोजून घ्या.”

अर्डिथच्या हातातली चाळणी पाण्यातच राहिली. “जुने बोर्ड आहेत, रॉयल. वाटेत तुटतील.”

“गाद्यांत गुंडाळून नेतो.”

“भिंत बोडकी दिसेल.”

“पाच वर्षं बंद पडलीस की दुकानच बोडकं दिसेल. तुझ्यासाठीच करतोय, अर्डिथ.”

हे खोटं नव्हतं, पंचेचाळीस टक्के खरं होतं. बाकीच्या पंचावन्न टक्क्यांत त्याची चाळीस खोपटी होती. बोर्ड उतरवताना तिने पाहिलं, चौघांपैकी प्रत्येकाने आपापला मासा असलेला बोर्ड स्वतः उचलला, आणि रेघांची बाजू आपल्या छातीकडे करून उचलला.

शनिवारी बारा वाजताच क्लबाबाहेर बर्फावर चालणाऱ्या स्नोमोबीलींची रांग लागली. वर दीडशे खुर्च्या, दोनशे माणसं, एका टेबलावर खिमा-राजम्याच्या चिलीचं मोठं पातेलं नि लोण्याच्या टार्टचे चार ट्रे. सभा सुरू व्हायच्या आत ट्रे रिकामे झाले, त्यावरून लोक किती तापलेत याचा अंदाज अर्डिथने बांधला. गाव चिंतेत असलं की गोड खातं आणि रागात असलं की दुप्पट खातं. तीन भिंतींवर कर्लिंगच्या ढाली होत्या, त्यामुळे रॉयलने सातही बोर्ड दक्षिणेकडच्या मोठ्या खिडक्यांत, काचेला टेकवून उभे केले होते. बाहेर तळं पांढरंफेक पसरलेलं. आत दिवे लखलखीत. अर्डिथ मागच्या रांगेत, दिव्यांच्या बटणांपाशी बसली.

खात्यातर्फे रोंडा डोकिस आली होती. तळ्याच्या पलीकडच्या काठावरची पोर, शिकून माशांची डॉक्टर झालेली. तिचे आजोबा याच तळ्यावर जाळी लावत. तिने शांतपणे मांडलं की शरद ऋतूत तिने साठ ट्राउट धरले, मोजले, सोडले. त्यांतल्या बावन्नांचा पर कापलेला होता. अस्सल आठ. हिवाळ्यात भोकातून काढलेला मासा पुष्कळदा सोडला तरी जगत नाही. पाच वर्षं तळ्याला श्वास घेऊ द्या.

मग गाव उठलं. कुणी म्हणालं, मासे खाली गेलेत, मॅडमची जाळी वर होती. कुणी म्हणालं, पाणमांजरं खातात, त्यांच्यावर बंदी घाला. एका मोटेलवाल्याने पाच वर्षांच्या रिकाम्या खोल्यांचं असं वर्णन केलं की पहिल्या रांगेतल्या दोन बायकांचे डोळे भरून आले. एक जण म्हणाला, आपल्या वेळी तळ्यात एवढे ट्राउट होते की भोक पाडलं की आपण होऊन डोकं वर काढायचे. त्यावर मागून कुणी विचारलं, मग तू गेल्या नऊ वर्षांत एकही कसा आणला नाहीस? मोठा हशा झाला. कर्टिस नावाच्या तरुण खोपटीवाल्याने उभं राहून सांगितलं, की मॅडमच्या जाळ्यालाच भोकं असणार.

“जाळ्याला भोकंच असतात, कर्टिस,” रोंडा म्हणाली. “त्यांतून आजवर फक्त तुमच्या गप्पा निसटल्यात.”

गाव तिच्या विरुद्ध होतं, पण बोलणं गावासारखं होतं. टाळ्या पडल्या, आणि टाळ्या पडल्याबद्दल गावाला राग आला.

शेवटी रॉयल उठला. त्याने भाषण पाठ केलं होतं. अर्ध्यावर पाठांतर विसरला आणि तिथून खरं बोलायला लागला, ते जास्त रंगलं. त्याने खिडकीकडे हात केला. तेहतीस वर्षं, सात बोर्ड, एकशे एकतीस ट्राउट. हा वाइनोचा, सत्तावीस पौंड. हा कर्टिसच्या बापाचा. हे माझे. एकाचाही पर कापलेला नाही. सरकारी मासे खात्याच्या जाळ्यात जात असतील, आमच्या गळाला अस्सलच लागतात. लोक खुर्च्या बडवायला लागले.

रोंडा उठून पहिल्या बोर्डापासून सातव्यापर्यंत चालत गेली. प्रत्येक परावर तिने बोट ठेवलं. वेळ लागला. मग ती वळली, तेव्हा चेहरा उजळला होता.

“हे खरं असेल तर माझी चूक झाली,” ती म्हणाली. “तळ्यात अस्सल मासा एवढा असेल, तर बंदीची गरज नाही.”

छप्पर उडायचं तेवढं बाकी राहिलं. रॉयलला कुणी खांद्यावर घेतलं, त्याचं वजन लक्षात येताच खाली ठेवलं.

“आणि मग पिल्लं सोडायचीही गरज नाही,” रोंडा पुढे म्हणाली. “टाकीतली पिल्लं अस्सल माशांचं खाणं खातात. या वसंतापासून मी टॅमरॅकचा कोटा बंद करायला सांगते. चाळीस हजार पिल्लं दुसऱ्या तळ्याला जातील. ती मागणारे पुष्कळ आहेत. हे बोर्ड पुरावा म्हणून सोबत नेते. चालेल ना?”

खुर्च्या बडवणारे हात खाली आले.

अर्डिथने पुरुषांकडे पाहिलं. खोटे पर होते चौऱ्याऐंशी, ते मागणारे बावन्न, त्यांतले आज हजर अडतीस. अडतीस माणसं आपापल्या बुटांकडे पाहत होती. प्रत्येक जण मनात हिशेब करत होता, तो तिला आपल्या काउंटरवरच्या बिलासारखा वाचता येत होता: माझा एक सरकारी, बाकी एकशे तीस अस्सल, एवढ्याने काय बिघडतं, गप्प बसावं. अडतीस जण असे गप्प बसले की पिल्लं बंद, आणि दहा वर्षांत तळ्यात पोहायला फक्त गिऱ्हाइकांच्या बाटल्यांची जुनी टोपणं.

तिने कुणीतरी उठायची वाट पाहिली. मनात साठ मोजले. वाइनो अर्धवट उठला, पण त्याने फक्त पाय मोकळा केला आणि बसला.

बोललं तर बंदी. बंदी आली की दुकान गेलं, आणि वर अडतीस गिऱ्हाइकं दुखावली. नाही बोललं तर या वर्षी दुकान चालेल, पुढच्या वर्षी चालेल, आणि एके दिवशी ती रिकाम्या तळ्याच्या काठावर जिवंत आमिष विकत बसेल. हार्डबोर्ड तिचा होता, पेन्सिल तिची होती. साडेतीन वाजले होते आणि सूर्य तळ्यावर खाली आला होता.

तिने हात वर केला आणि दिव्यांची सगळी बटणं खाली ओढली.

“कोण आहे तिकडे?” रॉयल ओरडला.

“मी आहे. बस खाली. खिडकीकडे बघा.”

बर्फावरून उसळलेला उजेड बोर्डांच्या पाठीवर पडला होता. बोर्ड काळे झाले, रेघा दिसेनाशा झाल्या, आणि त्या अंधारात एकेक ठिपका पेटला. पहिल्या बोर्डावर चार. दुसऱ्यावर दहाबारा. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या, सहाव्यावर गर्दी. कुणी तरी बाई हळूच म्हणाली, किती सुंदर.

“सुंदर कसलं, मिरियम,” अर्डिथ म्हणाली. “प्रत्येक भोक म्हणजे एक सरकारी मासा. पर नव्हता. धन्याने सांगितला म्हणून मी काढून दिला. खूण म्हणून खिळा मारला. चौऱ्याऐंशी आहेत, मोजून घ्या.”

क्षणभर कुणाला समजलंच नाही. मग माणसं उठली, खुर्च्या पडल्या, आणि अडतीसच्या अडतीस जण खिडकीकडे धावले. प्रत्येक जण आपला मासा शोधत होता, आणि शोधता शोधता शेजाऱ्याचा सापडत होता.

“कर्टिस, तुझ्या बापाचा? आयुष्यभर मला सरकारी म्हणून चिडवलं त्याने!”

“तू कशाला बोलतोस, तुझे तर तिन्ही चमकतायत.”

वाइनो काठी टेकत पहिल्या बोर्डापाशी गेला, आपल्या सत्तावीस पौंडांच्या काळ्या सावलीतला ठिपका पाहिला, आणि म्हणाला, “सुरुवात मी केली. तेहतीस वर्षं वाटायचं, एकटा मीच लबाड आहे. फार एकटं वाटायचं रे.” त्यावर असा हशा उसळला की खालच्या मजल्यावरची कर्लिंग खेळणारी माणसं वर बघायला आली. दोघं मात्र हसत नव्हते. रॉयल, कारण त्याचे सहाव्या बोर्डापर्यंतचे पाच मासे पेटले होते. आणि रोंडा, कारण ती सातव्या बोर्डापुढे गुडघ्यावर बसली होती.

“हा बोर्ड कधीचा?” तिने विचारलं.

“गेल्या सहा वर्षांतला,” अर्डिथ म्हणाली. “मोठे मासे येईनात, म्हणून क्लबाने दहा पौंडांची अट चारावर आणली. बावीस मासे आहेत.”

“आणि भोकं पाच.”

“पाचच.”

“मग बाकीच्या सतरांचा पर...”

“होता. मी काढलेला नाही. मलाही नवल वाटत होतं, पण मला वाटलं, लोक सुधारले.”

रोंडाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग ती उठली आणि बोलली ती सभेशी नाही, स्वतःशीच बोलल्यासारखी, भराभर: चार-पाच पौंडांचे, सात-आठ वर्षांचे, पर असलेले, म्हणजे तळ्यात जन्मलेले. कुठेतरी ते पुन्हा अंडी घालायला लागलेत. माझी जाळी तिथे पोचली नाही. कुठे धरले हे?

अर्डिथने पिशवीतून दुकानाची माशांची नोंदवही काढून उघडली. ठिकाणाच्या रकान्यात सतराही माशांपुढे लिहिलं होतं: डेव्हिल्स बेंड. खरी जागा लपवायला त्या रकान्यात गेली वीस वर्षं सगळे डेव्हिल्स बेंडच लिहीत. तिथे एकदा बर्फ फुटून ट्रक बुडाल्यापासून कुणी खोपटं लावलं नव्हतं.

“नावं कुणाची आहेत?” रोंडाने विचारलं.

“नऊ रॉयलचे. बाकी आठ ज्यांनी त्याची खोपटी भाड्याने घेतली, त्या पाहुण्यांचे.”

सभेने रॉयलकडे पाहिलं. आपली मासे लागायची जागा सांगणं म्हणजे काय, ते तिथे कुणाला समजवावं लागत नव्हतं. आपल्या चाळीस खोपट्यांपैकी मासे नेमके कुठल्यांखाली लागतात, हे रॉयलने बायकोला सांगितलं नव्हतं, पाद्र्याला सांगितलं नव्हतं. त्याचा चेहरा आधी लाल झाला, मग गार झालेल्या चिलीच्या पातेल्यासारखा शांत.

“सांगितली तर तिथे बंदी घालाल,” तो म्हणाला.

“तिथे घालीन,” रोंडा म्हणाली. “कायमची मागेन. पण ती जागा कळली, तर सगळं तळं बंद करा म्हणून सांगायला माझ्याकडे कारण उरणार नाही. वचन देत नाही. वरच्यांशी भांडेन एवढं नक्की.”

रॉयलने अर्डिथकडे पाहिलं. अर्डिथने बोडक्या भिंतीचा विचार केला आणि नजर हलवली नाही.

“गिरणीच्या जुन्या धक्क्यामागे,” तो म्हणाला. “ओंडके अडवायची लाकडी चौकट पाण्यात कोसळलीय. तिच्यातले दगड तळाशी पसरलेत. ढीग आहे मोठा.”

“दगडांचा ढीग. अंडी घालायला त्यांना हेच लागतं,” रोंडा म्हणाली, आणि कोट न घालताच जिन्याकडे धावली. तिच्यामागे कर्टिस, त्याच्यामागे मोटेलवाला, मग सगळं गाव. पाच मिनिटांत साठ स्नोमोबीली धक्क्याकडे सुटल्या. खोलीमापक आणि कॅमेरा भोकातून खाली सोडला. छोट्या पडद्यावर आधी हिरवा गढूळपणा, मग दगड, मग दगडांवरून सरकलेली एक लांब, डौलदार सावली, आणि तिच्या पाठीवर, शेपटीच्या अलीकडे, बोटाच्या पेराएवढं काहीतरी. वाइनोने टोपी काढली आणि उणे पंचविसात तशीच हातात धरली.

अंधार पडायच्या आत रॉयलची सहा खोपटी तिथून ओढून काढली. ज्यांनी आयुष्यभर ती जागा शोधली होती, तेच दोर ओढत होते.

खात्याचं उत्तर महिनाभराने यायचं होतं. रोंडाने आपल्या हाताने शिफारस लिहून दिली होती, की धक्क्याभोवतीचं पाणी बंद, बाकी तळ्यावर माणशी एकच मासा, पर असलेला दिसला की लगेच परत पाण्यात, आणि पिल्लं चालू. जाताना ती दुकानात डोकावली आणि स्पर्धेचे जुने फोटो लावलेली बाजूची भिंत बघत राहिली.

“मला संशय होताच,” ती म्हणाली. “माणसं मासा डोक्याशी नि शेपटीशी धरतात. तुमच्याकडे सगळ्यांचे अंगठे एकाच जागी. पण अंगठे मोजून अहवाल लिहिता येत नाही.”

“पिल्लं बंद करायची धमकी त्यासाठी होती?”

रोंडाने काउंटरवरचा एक टार्ट उचलला. “धमकी कसली? विचारलं फक्त. चालेल ना म्हणून.”

बोर्ड पुन्हा भिंतीवर आले, आणि त्या आठवड्यात अर्डिथच्या दुकानात आमिष खूप खपलं. पण त्याहून जास्त खपला पॉलिशपेपर. माणसं एकेक करत आली, दुकान रिकामं व्हायची वाट बघत हातमोजे चाचपत उभी राहिली, आणि म्हणाली, तो माझ्या माशाचा पर, तेवढा घासून टाकतो, आपल्या दोघांतच राहू दे. अर्डिथ प्रत्येकाला सांगत राहिली, घासा, पण भोक बुजवू नका.

स्पर्धेच्या दिवशी रॉयलने अकरा पौंडांचा मासा आणला. दुकानात पाऊल ठेवायला जागा नव्हती. त्याने मासा आठव्या, कोऱ्या बोर्डावर ठेवला आणि अंगठा उचलून घेतला. पर नव्हता. अर्डिथची पेन्सिल डोक्यावरून, पाठीवरून सरकत तिथवर आली आणि थांबली. सगळं दुकान थांबलं.

“काय बघतेस?” रॉयल म्हणाला. “आहे तसाच काढ. नाव मात्र मोठं लिही.”